यंत्रे बसविण्याची काटकसर

शासनाच्या कोणत्याही तांत्रिक खात्याचा वार्षिक अहवाल उघडला, तर त्या वर्षी किती यंत्रे बसविली याचा आकडा पहिल्या दोन पानांत सापडतो. पूर्वी बसविलेल्या यंत्रांपैकी आज किती चालू आहेत, हा आकडा मात्र शोधावा लागतो. पुष्कळदा शोधूनही तो हाती लागत नाही. अलीकडे या अहवालांत एका नव्या अभिमानाची भर पडली आहे. यंत्र बसविण्याचा दरडोई किंवा दरएकरी खर्च खात्याने कसा खाली आणला, कमी माणसांत अधिक जोडण्या कशा केल्या, याची वर्णने त्यांत असतात. सार्वजनिक पैशाची काटकसर झाली, तर तिला विरोध करण्याचे कारण समाजवाद्यांना असू शकत नाही. गरीब देशात उधळपट्टीचा पहिला बळी गरीबच असतो. प्रश्न एवढाच आहे, की ही काटकसर कोणाच्या वहीत झाली आणि तिच्यामुळे वाढलेला खर्च कोणाच्या वहीत चढला.

हा प्रश्न मुंबई-पुण्यात बसून सुटणारा नाही. तो यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या तालुक्यात तपासून पाहावा लागतो. वाघाडी नदीच्या आसपासचा हा मुलूख बव्हंशी कोरडवाहू आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही इथली पिके, कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे ही इथल्या वस्तीची रूपे. अशा तालुक्यात शासनाचे यंत्र म्हणून सामान्य माणसाला तीनच वस्तू ठाऊक असतात. पोडावरचा हातपंप, शेताच्या धुऱ्यावरची डीपी आणि गेल्या काही वर्षांत विहिरीशेजारी उभी राहिलेली सौरपंपाची निळी पाटी. तीन वस्तूंची खाती निराळी, काळही निराळा. तथापि तिन्हींच्या बाबतीत हिशेबाची चूक एकच आहे.

हातपंपाची कथा आधी सांगितली पाहिजे, कारण तिचा महत्त्वाचा भाग महाराष्ट्रात घडला आणि मराठी माणसाला तो जवळजवळ माहीत नाही.

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफने कठीण खडकात भोक पाडणारी वेगवान यंत्रे भारतात आणली. दख्खनच्या काळ्या पाषाणात जी विहीर खणायला महिने लागत, तिच्या जागी एकदोन दिवसांत विंधन विहीर तयार होऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि गावोगाव बोअर पडू लागले. बोअरवर बसविलेले पंप मात्र बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतील शेतघरात एका कुटुंबाने दिवसातून थोडा वेळ वापरावा, अशा बेताने त्यांची मूळ रचना झाली होती. इथे त्यांच्यावर दोन-अडीचशे माणसांचा भार पहाटेपासून रात्रीपर्यंत पडला. दांड्याचे सांधे झिजले, बीड तडकले, विहिरीच्या नळीवर नुसताच बोल्टने आवळलेला पंप डुगडुगू लागला आणि ओट्यावरचे घाण पाणी फटीतून बोअरमध्ये उतरू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत कोणत्याही एका वेळी सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद असतात, असे आढळले. खात्याचा बसवणीचा खर्च अर्थातच कमी होता. पंप स्वस्त होता, तो कोणत्याही ओतशाळेत निघत होता आणि उद्दिष्टे वेळेवर पूर्ण होत होती.

उपाय शोधला गेला तो जालन्याला आणि सोलापूरला. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामात असलेल्यांनी बिडाऐवजी पोलाद वापरून, सांधे कमी करून पंपाचे डोके नव्याने घडविले. त्याला पुढे जालना पंप असेच नाव पडले. सोलापूरच्या वेल सर्व्हिसने, तिथे काम करणाऱ्या एका स्वीडिश तंत्रज्ञाच्या कल्पनेतून, त्यात आणखी सुधारणा केली. दांड्याला एकच टेकू, त्यात बंदिस्त बेअरिंग, आणि दांड्याच्या टोकाशी चतकोर चाकावरून सरकणारी साखळी. या साखळीमुळे आतली कांब नेहमी सरळ रेषेत वरखाली होते आणि बाजूला ओढ बसून होणारी झीज थांबते. सायकलच्या दुकानात समजावी इतकी ही गोष्ट साधी होती. युनिसेफने प्रथम ही सोलापुरी डोकी विकत घेतली. पुढे मद्रासची अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांच्या साहाय्याने तिच्यावरून सर्व देशासाठी एक नमुना ठरविला. कोइमतूर भागातील खोल विहिरींवर त्याची चाचणी झाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क दोन’ या नावाने तो बाहेर पडला. आज आफ्रिकेतल्या कितीतरी खेड्यांत जो पंप दिसतो, त्याचे आजोळ सोलापूर-जालना आहे.

या पंपाच्या यशात यंत्राइतकाच वाटा त्याच्याभोवतीच्या नियमांचा होता. नमुन्यावर कोणाचे पेटंट ठेवले नाही. भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक १९७९ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसू लागला. माल कारखान्यातून हलण्यापूर्वी त्रयस्थ तपासणी सक्तीची झाली. खाजगी कारखानदार या धंद्यात आले आणि त्यांच्यात स्पर्धाही झाली. पण ती किमतीच्या बाबतीत झाली, दर्जाच्या बाबतीत तिला वाव ठेवला नव्हता. सार्वजनिक नियंत्रणाखाली बाजार कसा वापरावा, याचा इतका स्वच्छ धडा आपल्या नियोजनाच्या इतिहासात क्वचित सापडतो. दुर्दैवाने तो अर्थशास्त्राच्या एकाही क्रमिक पुस्तकात आढळत नाही.

तरीही एक गाठ सुटायची राहिली होती. मार्क दोन पंपाच्या खालच्या सिलिंडरमध्ये चामड्याची वॉशरे असत आणि ती झिजत. ती बदलायची म्हणजे विहिरीत सोडलेले सगळे लोखंडी पाइप एकामागून एक वर ओढायचे. या कामाला गाडी, तिवई, साखळदांड आणि चारपाच माणसांचे पथक लागे. गावातल्या माणसाला हे जमण्यासारखे नव्हते. १९८० च्या दशकात कोइमतूर भागात कित्येक पंपांवर वर्षानुवर्षे नोंदी ठेवून अभ्यास झाला, तेव्हा दिसले की खोलातल्या दुरुस्त्यांचे मोठे कारण ही काही पैशांची वॉशरे आहेत. चामड्याऐवजी नायट्राइल रबराची वॉशरे वापरली, तर ती कितीतरी अधिक टिकतात. आणि पाइप सवाइंची ऐवजी अडीच इंची घेतला, तर दट्ट्या पाइपमधूनच वर काढता येतो, पाइप ओढावे लागत नाहीत. दोन माणसे आणि मोजकी हत्यारे एवढ्यात काम भागते. हाच ‘मार्क तीन’. तो बसवायला महाग होता, कारण रुंद पाइपाला लोखंड अधिक लागते. फार खोल पाण्याला तो जडही पडतो, म्हणून सर्वत्र चालणार नाही. पण जिथे चालला असता, तिथेही खात्यांनी पुष्कळदा तो घेतला नाही. निविदेच्या तक्त्यात बसवणीचा खर्च अधिक दिसत होता, हे त्याचे कारण.

इथे थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे. समजा, एक पंप १०० रुपयांत बसतो आणि त्याच्या दुरुस्तीला दरवर्षी ३० रुपये लागतात. दुसरा १५० रुपयांत बसतो आणि त्याला दरवर्षी १० रुपये पुरतात. दहा वर्षांचा हिशेब केला तर पहिल्याला ४०० आणि दुसऱ्याला २५० रुपये पडले. व्याजाचा विचार करूनही दुसराच स्वस्त ठरतो. हे शाळकरी मुलालाही समजते. मग अभियंत्यांना का समजले नाही? त्यांना ते समजत होते. परंतु अंदाजपत्रकाची रचना त्यांना तसे वागू देत नव्हती. यंत्र बसविण्याचा पैसा योजनांतर्गत खर्चातून, बहुधा केंद्राच्या अनुदानातून येत असे. दुरुस्तीचा पैसा योजनेतर. तो जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या रिकाम्या तिजोरीतून यायचा. दिल्लीहून आलेल्या १०० रुपयांत जितके अधिक पंप बसतील तितकी खात्याची कार्यक्षमता. पुढचे ३० रुपये दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर. योजनांतर्गत आणि योजनेतर हा भेद २०१७-१८ पासून अंदाजपत्रकातून गेला. तो ज्या मनोवृत्तीतून जन्मला होता ती मात्र गेली नाही.

दुरुस्ती पथकाचाही हिशेब पाहावा. एका पंचायत समितीच्या क्षेत्रात, समजा, ३०० पंप आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून एकदा पथक लागते. पथक दिवसाला एक पंप करते. गाडी नादुरुस्त, डिझेल नाही, पावसात रस्ता बंद, सुट्ट्या आणि सभा हे वजा जाता कामाचे दिवस २०० उरले. म्हणजे कितीही धावपळ केली तरी सुमारे १०० पंप रांगेत उभे राहणार. आता आमदारांच्या आग्रहाने आणखी ५० पंप बसविले. पथक तेवढेच राहिले. परिणामी चालू पंपांची संख्या वाढत नाही, फक्त बंद पंपांची वाढते. खात्याच्या अहवालात मात्र तालुक्याने ५० पंपांची प्रगती केलेली असते.

आणि या दोन्ही हिशेबांत न येणारा एक तिसरा खर्च आहे. पोडावरचा पंप बंद पडला की पाणी नाल्याच्या झिऱ्यावरून येते, आणि ते बाई आणते. तिचे रोजचे दोन तास, त्या दोन तासांची बुडालेली मजुरी, तिच्या जागी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी शाळेतून घरी राहिलेली मुलगी, हा खर्च कोणत्याही लेखाशीर्षाखाली पडत नाही. खात्याची काटकसर या बाईच्या डोक्यावरून चालत येते, असे म्हटले तर ते भाषेचे अलंकरण समजू नये. ते जमाखर्चाचे साधे विधान आहे. (याच जिल्ह्याच्या पांढरकवडा भागात विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळले आहे. तिथे पंप उत्तम चालत असला तरी पाणी तपासणीचा खर्च वाचविल्याचे व्याज दातांवर आणि हाडांवर वसूल होते.) २०१९ पासून जलजीवन मिशनमधून घरोघर नळ देण्याचे काम सुरू झाले. पण नळाच्या मागे वीजपंप असतो आणि पंपामागे बिल असते. ते थकले की गाव पुन्हा हातपंपाशी येते.

विजेच्या पंपांकडे वळले, तर तीच गोष्ट मोठ्या रकमांत दिसते.

प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ साली आला. तिने एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा ठरविला. कृषिपंपांची वीजजोडणी हा त्या मोजणीतील एक घटक होता. अन्यायाचे मोजमाप झाले, ही त्या अहवालाची थोर कामगिरी होय. तथापि पंपांचा अनुशेष जोडण्यांच्या संख्येत मोजला गेल्याने तो भरूनही जोडण्यांच्या संख्येतच निघणार, हे ओघानेच आले. जोडणी दिली की अनुशेष तेवढा कमी झाला. त्या जोडणीतून किती तास आणि किती दाबाने वीज आली, हा प्रश्न तक्त्याबाहेर राहिला.

त्याआधीच, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वीज मंडळाने कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी लावली होती. यात तर्क होता. दूरदूरच्या शेतांतले मीटर वाचायला माणसे पाठविण्याचा खर्च बिलापेक्षा जड होई. मीटर गेले, वाचणारे गेले, खर्च वाचला. त्याबरोबर शेतीला वीज किती जाते हे सांगण्याचे साधनही गेले. मग जी वीज कुठे गेली ते कळत नव्हते, ती सगळी शेतकऱ्याच्या नावावर लिहिण्याची सोय झाली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर २००० साली प्रथमच दराची जाहीर सुनावणी झाली, तेव्हा पंधरा-अठरा टक्के म्हणून सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या घरात आहे हे उघड झाले. कारखान्यांची आणि शहरांतील चोरी इतकी वर्षे शेतकऱ्याच्या पंपाखाली झाकलेली होती. मीटरच्या काटकसरीने शेतकऱ्याला फुकट्या ठरविले, आणि ती प्रतिमा अजून पुसली गेलेली नाही.

डीपीचीही अशीच गत. एका मोठ्या रोहित्रावर दहा-वीस पंप टाकले की जोडणी स्वस्त पडते. मग लघुदाबाच्या तारा शेताशेतांतून लांबवत न्यायच्या. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच वीज ४१५ व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने नेली तर प्रवाह सव्वीस-सत्तावीस पटींनी कमी होतो आणि त्याच तारेतील हानी सुमारे सातशे पटींनी उतरते. हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी लांब लघुदाब तारांचे जाळे विणले गेले, कारण ती हानी बसवणीच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. शेवटच्या शेतावर दाब पडतो, मोटर गरम होऊन जळते आणि ती भरून आणण्याचे पैसे शेतकरी देतो. डीपी जळाली तर पंधरा शेतांचे पाणी एकदम बंद होते. ऐन हरभरा फुलोऱ्यावर असताना ती बदलून येईपर्यंत वर्गणी काढून ट्रॅक्टर लावावा लागतो. घाटंजीच नव्हे, साऱ्या विदर्भातला शेतकरी या वर्गणीची पद्धत जाणतो. तिची पावती कधी कोणाला मिळालेली नाही.

ही चूक निस्तरण्यासाठी शासनाने २०१८ साली उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आणली. एका-दोन पंपांना एक लहान रोहित्र आणि शेतापर्यंत उच्चदाबाची तार. सुमारे सव्वादोन लाख पंपांसाठी पाच हजार कोटींहून थोडा अधिक खर्च धरला होता. म्हणजे एका पंपामागे सव्वादोन लाखांच्या आसपास. तांत्रिकदृष्ट्या योजना योग्य होती. पण एकेका पंपामागचा हा आकडा पाहून खात्याला घाम फुटला असल्यास नवल नाही. आधीची तीस-चाळीस वर्षे जी बचत म्हणून दाखविली, तिचे हे एकरकमी बिल होते.

याच वेळी सौरपंप पुढे आला आणि खात्याची जणू सुटका झाली. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना, २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’. वीजजोडणीचे पैसे भरून वाट पाहणाऱ्यांना या योजनेत प्राधान्य देण्यात आले. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. जमीन किती, त्यावरून तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप. खांब नाही, तार नाही, डीपी नाही, बिलही नाही. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची.

या योजनेचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. विरोधी पक्षाचे म्हणून प्रत्येक गोष्टीला नाके मुरडण्याची सवय कार्यकर्त्यांना लागली, तर शेतकरी त्यांचे ऐकणार नाही. रात्रपाळीच्या विजेने ओलित करणाऱ्याला सापाची, रानडुकराची आणि टिपेश्वरच्या आसपास वाघाची धास्ती असते. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात एका वाघिणीच्या भयाने शेतीची कामे कशी ठप्प झाली होती, हे या भागाला सांगायला नको. दिवसा पाणी देता येणे ही त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने चैन नाही, जिवाची गोष्ट आहे. तारांपासून दूर, जंगलाकाठी असलेल्या कोलामाच्या शेताला खांब टाकून वीज नेण्यापेक्षा सौरपंप निःसंशय स्वस्त आणि चांगला.

पण सरसकट सर्वांना तोच? तीन अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे तीन किलोवॉटच्या पाट्या लागतात. एक किलोवॉटची पाटी आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटे देते असे धरले, तर वर्षाला चार हजारांहून अधिक युनिटे होतात. कापूस-हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्याची मोटर वर्षातून, समजा, १२० दिवस चालते; म्हणजे उपयोगात आली दीड हजारांच्या आत. उरलेली दोन-तृतीयांश वीज उन्हात वाया जाते. सार्वजनिक पैशातून उभ्या केलेल्या यंत्राचा एक-तृतीयांशच वापर होत असेल, तर त्याला काटकसर म्हणायचे कसे? याला पर्याय नाही असेही नाही. गावाच्या फीडरवरच सौर प्रकल्प उभा करायचा, दिवसा शेतीला वीज द्यायची आणि उरलेली जाळ्यात सोडायची, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची कल्पना. २०१७ साली तिच्या पहिल्या प्रयोगासाठी राळेगणसिद्धीबरोबर निवडलेले दुसरे ठिकाण याच यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी होते. एका जागी दुरुस्ती, एका जागी राखण, आणि उन्हाळ्यात शेताला नको असलेली वीज दवाखान्याला किंवा गिरणीला. अर्थात वीज शेतापर्यंत नेणार त्याच जुन्या तारा आणि तीच डीपी. त्या न सुधारता फीडरवर सूर्य आणला तरी शेवटच्या शेतावर अंधारच राहील. म्हणून खरा हिशेब शेतागणिक करावा लागतो. जवळच्या तारेचे अंतर किती, पाणी किती खोल, पंप वर्षातून किती दिवस चालणार, हे तीन आकडे अर्जाबरोबर घेतले तर कोणत्या शेताला एकटा सौरपंप आणि कोणत्याला फीडरवरचा, हे तालुक्याचा कनिष्ठ अभियंतासुद्धा सांगू शकेल. एकराच्या तक्त्यावरून अश्वशक्ती ठरविणे सोपे आहे, पण जमिनीच्या क्षेत्रफळावरून पाण्याची खोली कळत नाही. साठ फुटांवर पाणी असलेल्या विहिरीला आणि दोनशे फुटांच्या बोअरला एकच पंप दिला तर दोघांपैकी एक तरी नाराज होणार.

डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा पुरस्कार केला होता आणि १९५२ च्या पचमढी अधिवेशनात त्यामागचा विचार मांडला होता. सौरपंपाचे समर्थक आता लोहियांचा दाखला देऊ लागतील, म्हणून इथे थोडे थांबणे भाग आहे. लोहियांच्या कल्पनेतले यंत्र आकाराने लहान होते एवढेच नव्हे, ते वापरणाऱ्याच्या ताब्यात राहणारे होते. सोलापूरचा पंप तसा होता. उघडला की दिसत होता, दिसला की समजत होता. सौरपंपाची पेटी बंद असते. ती जळाली की गावचा मोटर भरणारा तिला हात लावू शकत नाही, कारण एका पुरवठादाराची पेटी दुसऱ्याच्या पंपाला बसेलच असे नाही. शेतकरी मालक खरा, पण दुरुस्तीच्या बाबतीत तो कुळासारखा पुरवठादाराच्या दारात उभा. १९७९ साली हातपंपाच्या बाबतीत शासनाने जे केले, म्हणजे एकच खुले मानक, अदलाबदल करता येणारे सुटे भाग आणि त्रयस्थ तपासणी, ते सौरपंपाच्या पेटीबाबत पुऱ्या अर्थाने करण्यात कोणती अडचण आहे, हे कोणीतरी विधिमंडळात विचारले पाहिजे.

आणि पाच वर्षांनंतर काय? २०१९-२० मध्ये बसलेल्या पहिल्या पंपांची हमीची मुदत सरली आहे. यापुढे पेटी जळाली, माकडाने किंवा गारपिटीने पाटी फोडली, तर खर्च शेतकऱ्याचा. हातपंपाच्या वेळी दुरुस्ती खात्याच्या अंदाजपत्रकातून ग्रामपंचायतीकडे गेली. आता ती ग्रामपंचायतीलाही ओलांडून थेट कुटुंबाच्या खिशात गेली आहे. खात्याच्या दृष्टीने ही काटकसरीची परिसीमा होय. रोहित्र नाही म्हणून लाइनमन नाही, बिल नाही म्हणून कार्यालयात तक्रारीची खिडकी नाही. यंत्र बसवून झाल्यावर शेतकऱ्याशी खात्याचा संबंधच उरत नाही. ज्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशाचे लक्ष वेधले, जिथल्या संकटासाठी २००६ साली पंतप्रधानांना स्वतः येऊन मदतीची योजना जाहीर करावी लागली, तिथे एका हंगामाचे पाणी चुकणे म्हणजे काय, याचा हिशेब या काटकसरीत कोणी धरलेला दिसत नाही.

या बाबतीत घाटंजीच्या कार्यकर्त्यांना मोर्चापेक्षा आधी एक काम करता येण्यासारखे आहे. कुसुम योजनेतील पंपांना दूरनिरीक्षणाचे यंत्र जोडलेले असते. कोणत्या दिवशी कोणता पंप किती तास चालला, याची नोंद त्यातून आपोआप होते. म्हणजे हातपंपाच्या काळात जो आकडा शोधूनही सापडत नव्हता, तो आज खात्याकडे रोज जमा होत आहे आणि त्यासाठी एकही माणूस शेतावर पाठवावा लागत नाही. शेतकऱ्याच्या पैशाने आणि जनतेच्या पैशाने बसविलेल्या यंत्राची ही माहिती गुप्त ठेवण्याचे काहीही कारण नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत तालुक्यातील कोणते पंप सलग सात दिवसांहून अधिक बंद होते, तक्रार कोणत्या तारखेला नोंदली गेली, पुरवठादाराचा माणूस कोणत्या तारखेला आला, एवढी यादी गाववार मागवावी. ती ग्रामसभेत वाचावी. नावे वाचण्याची गरज नाही, पंपाचा क्रमांक आणि बंद दिवस पुरेत. बंद दिवसांच्या प्रमाणात पुरवठादाराची अनामत कापण्याची तरतूद निविदेत घालावी, अशी मागणी जिल्हा नियोजन समितीपुढे न्यावी. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेल्या मुलांना या पेट्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण आणि परवाना मिळावा, म्हणजे पाच वर्षांनंतर शेतकऱ्याला नागपूरकडे पाहत बसावे लागणार नाही, हीही मागणी त्याच निवेदनात असावी. पोडावरच्या हातपंपांची यादी जोडायला विसरू नये. त्यांना दूरनिरीक्षणाचे यंत्र नाही, ती यादी हिंडूनच करावी लागेल, आणि ती उन्हाळ्यापूर्वी झाली पाहिजे.